संशोधनाचा विषय कोणी ठरवायचा?

‘जनतेचे आरोग्य, आरोग्यसमता आणि संशोधनाचा अग्रक्रम’ असा भारदस्त विषय संपादकांनी माझ्या हाती ठेवला, तेव्हा मला सर्वप्रथम आठवला तो एक काचेचा तापमापक.

१९९९ सालचा पावसाळा. एम. डी. होऊन मला जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि बेळगावातील एका रुग्णालयात मी रात्रीच्या कामावर असे. जांबोटीच्या पलीकडील रानातल्या एका वाडीवरून तीन दिवसांचे बाळ आले. बाळंतपण घरीच झालेले, तेही महिनाभर आधी. ओढ्याला पाणी आल्यामुळे मंडळी अर्धा दिवस अलीकडेच खोळंबलेली. मग पायवाट, मग दुधाच्या टेम्पोतून डांबरी रस्ता. बाळ घोंगडीत गुंडाळलेले होते आणि घोंगडी ओली होती. वजन एक किलो सहाशे ग्रॅम. परिचारिकेने तापमापक लावला, काढून दिव्यासमोर धरला, झटकला, पुन्हा लावला. पारा जागचा हलेना. शेवटी केसपेपरवरच्या तापमानाच्या रकान्यात तिने एक आडवी रेघ ओढली.

नेहमीच्या तापमापकावरचे आकडे पस्तीस अंश सेल्सिअसच्या आसपास सुरू होतात. तापाचा आजार मोजण्यासाठी तो घडवलेला असतो. त्याच्या खाली उतरलेल्या जिवाविषयी त्याला काही सांगता येत नाही. कमी तापमान दाखवणारा वेगळा तापमापक मिळतो हे मला पुस्तकावरून ठाऊक होते. आमच्या कक्षात तो नव्हता, आणि तो नाही याची खंत कोणालाच नव्हती, माझ्यासकट.

बाळ पहाटे गेले. मृत्यूच्या कारणात मी ‘अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे बाळ, जंतुसंसर्ग’ असे लिहिले. ते खोटे नव्हते. पण गारठ्याचा उल्लेख त्या कागदावर कोठेच आला नाही. जे मोजलेच गेले नाही ते लिहिणार तरी कसे? सकाळी कागदपत्रे घेताना बाळाच्या आजीने मला विचारले, “डाक्टर, पोर गार पडालं तवा आमी काय कराय पायजे हुतं?” तिच्या स्वरात तक्रार नव्हती. घरात धाकटी सूनही गरोदर होती. बाईला खरोखरच माहिती हवी होती. मी म्हणालो, “लवकर आणायला हवे होते.” ओढ्याला पाणी होते हे ती मला आदल्या रात्रीच सांगून चुकली होती. ती काही बोलली नाही, आणि तो न बोलण्याचा क्षण मला आज सव्वीस-सत्तावीस वर्षांनीही पुरेसा लख्ख आठवतो.

आता माझ्या एम. डी.च्या प्रबंधाविषयी. नवजात बालकांच्या नाळेतील रक्तात निरनिराळ्या स्निग्ध द्रव्यांचे प्रमाण किती असते, हा माझा विषय होता. शंभर बाळे, आठ तक्ते, शेवटी काय-स्क्वेअर चाचणी आणि ‘या विषयावर अधिक संशोधनाची आवश्यकता आहे’ असे वाक्य. हा विषय का निवडला, असे कोणी विचारले असते तर प्रामाणिक उत्तर एवढेच होते की जीवरसायनशास्त्र विभागात त्या तपासणीची रसायने शिल्लक होती. प्रबंधाची काळ्या कापडी बांधणीची, सोनेरी अक्षरांची प्रत ग्रंथालयात गेली ती गेलीच. ज्या वर्षी मी नाळेतील रक्त जमवीत होतो, त्याच वर्षी त्याच इमारतीत बाहेरगावाहून गारठलेली बाळे येत होती. किती येत होती, किती तापमानाला येत होती, कोणत्या वाटेने आणि कशात गुंडाळून येत होती, हे मोजायला रसायने लागली नसती. एक योग्य तापमापक आणि एक वही पुरली असती. हा दोष मी कोणा गुरूवर किंवा संस्थेवर ढकलीत नाही. तो प्रश्न मलाच सुचला नाही, कारण संशोधनाचा प्रश्न पुस्तकातून निघतो अशी माझी पक्की समजूत होती.

ही समजूत माझ्यापुरती नव्हती, हे पुढे वाचनात आले. विकासासाठी आरोग्य-संशोधन या विषयावरील आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९० साली अहवाल दिला. टाळता येण्याजोग्या मृत्यूंचा सुमारे ९३ टक्के भार ज्या विकसनशील देशांवर आहे, त्यांच्या प्रश्नांवर जगातील आरोग्य-संशोधनाचा सुमारे ५ टक्केच पैसा खर्च होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. यातूनच पुढे ‘१०/९० ची दरी’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्याहूनही मला अस्वस्थ करून गेला तो २००७ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’मध्ये आलेला लेरॉय आणि सहकाऱ्यांचा लेख. बालमृत्यूंच्या संदर्भात दोन मोठ्या अमेरिकन निधिदात्यांनी दिलेली अनुदाने त्यांनी तपासली. ९७ टक्के अनुदाने नवे तंत्रज्ञान शोधण्यासाठी होती आणि त्या सर्व नव्या तंत्रज्ञानाने मिळून बालमृत्यू सुमारे २२ टक्क्यांनी कमी होऊ शकले असते. हाती असलेलेच उपाय प्रत्येक मुलापर्यंत पोहोचवले, तर होणारी घट याच्या तिप्पट. म्हणजे पैसा एका दिशेला धावत होता आणि मुले दुसऱ्या दिशेला मरत होती.

येथे गैरसमज नको. नव्या शोधांची मला ॲलर्जी नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नवजात बालकांमध्ये सापडलेल्या ११६ई या विषाणूपासून डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या दीर्घ परिश्रमांतून रोटाव्हायरसची भारतीय लस तयार झाली. दिल्ली, पुणे आणि वेल्लोर या तीन ठिकाणी तिची चाचणी झाली आणि २०१६ पासून रोटाव्हायरसची लस राष्ट्रीय लसीकरणात येऊ लागली. त्यापूर्वीचे रोटाव्हायरसचे हिवाळे ज्यांनी वॉर्डात काढले आहेत त्यांना या लसीचे मोल सांगायला नको. माझा मुद्दा इतकाच, की ‘नवे काय शोधावे?’ या प्रश्नाइतकाच ‘जुने का पोहोचत नाही?’ हाही शास्त्रीय प्रश्न आहे आणि त्यालाही पद्धत, मोजमाप, निधी आणि प्रतिष्ठा लागते. आपल्याकडे पहिल्याला संशोधन म्हणतात आणि दुसऱ्याला व्यवस्थापन. दुसऱ्यावर बढती मिळत नाही.

मोजमापावरून आपल्याच जिल्ह्यातील एका कामाची आठवण करून द्यावीशी वाटते; ते येथील कित्येकांना ठाऊकही नाही. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हा स्त्रीरोगतज्ज्ञांचा प्रांत खरा, पण ज्या घरातील आई जाते त्या घरातील तान्हे मूल कसे जगते हे आम्हा बालरोगतज्ज्ञांना बघावे लागते. रक्तस्राव थांबवण्याचे इंजेक्शन फार पूर्वीपासून आहे. त्याला शीतपेटी लागते, सुई लागते आणि ती टोचणारे हात लागतात. खेड्यात, रात्री, वीज गेलेली असताना बाळंत होणाऱ्या बाईला यांपैकी काही मिळत नसे. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि अमेरिकेतील डॉ. रिचर्ड डर्मन यांनी प्रश्न त्या खोलीत जाऊन विचारला: सुईशिवाय, फ्रीजशिवाय, एएनएमच्या हातून देता येईल असे काय आहे? बेळगाव जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रात २००२ ते २००५ या काळात १६२० स्त्रियांवर ही चाचणी झाली. निम्म्या स्त्रियांना बाळंत होताच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडाने दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या औषधविरहित गोळ्या. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉलचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत केला.

गोळीइतकीच महत्त्वाची वाटते ती या चाचणीसाठी वापरलेली प्लॅस्टिकची पिशवी. किती रक्त गेले हे पूर्वी नजरेने ठरत असे. ‘फार गेले’, ‘नेहमीसारखे गेले’, ‘दोन साड्या भिजल्या’ अशा नोंदींवर शास्त्र उभे राहत नाही. म्हणून बाळंतिणीच्या खाली पसरायचे, खाली नरसाळ्यासारखे निमुळते होत जाणारे आणि वर मिलिलिटरची मोजपट्टी छापलेले एक साधे आवरण या मंडळींनी तयार केले. त्यातून दिसून आले की नजरेचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी कमी भरतो. म्हणजे अनुभवी डोळ्यालाही वाहून गेलेल्या रक्तापैकी एक-तृतीयांश दिसतच नव्हते. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातील रुग्णालयांत झालेल्या मोठ्या अभ्यासात अशीच मोजपट्टीची पिशवी आणि लगोलग करायच्या उपचारांचा संच वापरला गेला. तीव्र रक्तस्राव आणि त्याचे गंभीर परिणाम सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या गावी वापरात आलेली कल्पना आफ्रिकेत फळाला आली, याचा अभिमान जरूर बाळगावा. मला मात्र त्या पिशवीच्या बाबतीत आमच्या त्या तापमापकाची आठवण येते. काय मोजायचे हे ज्याने ठरवले, त्यानेच पुढे कोणाचा प्रश्न शास्त्राच्या दरबारात मांडला जाईल हे ठरवले.

याच गोष्टीचे आणखी ठसठशीत उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी असल्यामुळे त्यांच्या कामाचा गौरव भरपूर होतो. ते संशोधन म्हणून वाचले मात्र कमी जाते. १९९५-९६ मध्ये त्यांनी ३९ गावांतील ७६३ नवजात बाळांवर घरोघर जाऊन लक्ष ठेवले. त्यांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज पडली आणि ती प्रत्यक्षात मिळाली २.६ टक्क्यांना. रुग्णालयात बसून नवजात बालकांवर कितीही प्रबंध लिहिले असते तरी हा आकडा सापडला नसता, कारण ती बाळे रुग्णालयात आलीच नव्हती. आपण रुग्णालयात जे पाहतो तो आजार नसतो. ओढा ओलांडून आलेला आजार असतो. पुढे गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना त्यांनी वजन करणे, ऊब राखणे, श्वास सुरू करून देणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. डिसेंबर १९९९ मध्ये हा शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला, म्हणजे माझ्या त्या रात्रीनंतर अवघ्या काही महिन्यांनी. खेड्यातील बाईच्या हाती इंजेक्शन देण्याच्या कल्पनेवर तेव्हा आपल्या व्यवसायात जी खळबळ झाली ती मला आठवते, आणि मीही भुवया उंचावणाऱ्यांपैकीच एक होतो हे येथे कबूल करतो. २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्तीच्या गृहभेटी राष्ट्रीय कार्यक्रमात आल्या. आज आपल्या जिल्ह्यातही रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिने बेचाळीस दिवसांत सहा वेळा जावे, घरी जन्मलेल्याच्या सात वेळा, असा दंडक आहे.

आणि त्या आजीच्या प्रश्नाचे उत्तर? ते १९७८ पासून जगात होते. कोलंबियातील बोगोटा येथे इन्क्युबेटर अपुरे पडू लागले तेव्हा डॉ. एडगार रे यांनी कमी वजनाची बाळे आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून बांधली. कांगारू पद्धत म्हणून आम्ही ती परीक्षेपुरती पाठ केली होती, ‘साधनांच्या अभावी पर्याय’ या मथळ्याखाली. प्रकृती स्थिर झालेल्या बाळालाच ती द्यावी, तोवर यंत्र बरे, असे सर्वत्र मानले जाई. अस्थिर बाळालाच जन्मतः आईजवळ दिले तर काय होईल, हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर विचारला जायला चाळीस वर्षे लागली. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि आपल्या दिल्लीचे सफदरजंग अशा पाच रुग्णालयांत एक किलो ते पावणेदोन-पावणेदोनच्या किंचित वर अशा वजनाच्या ३२११ बाळांवर हा अभ्यास झाला. पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. फायदा इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मुदतीपूर्वी थांबवण्यात आला. हे २०२१ चे. माझ्या त्या बाळाचे वजन याच टप्प्यातले होते. अभ्यास रुग्णालयातला, बाळ वाडीवरचे, त्यामुळे हा निष्कर्ष त्याला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे शास्त्र म्हणून मला कळते.

आता थोडे स्वतःकडे वळू या, कारण आतापर्यंत सगळा दोष दूरच्या निधिदात्यांच्या पदरात घालून आपण मोकळे झालो आहोत.

जुलाबाने सुकलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी तोंडाने दिले तर ते वाचते, हे डॉ. दिलीप महालनोबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दाखवून दिले. ते आपल्यासारखेच बालरोगतज्ज्ञ. सलाईन संपत आलेले, माणसे कॉलऱ्याने जमिनीवर पडलेली. त्यांनी मिश्रण पिपांत कालवले आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. छावणीतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली गेले. त्यानंतर निम्मे शतक लोटले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जुलाब झालेल्या मुलांपैकी ओआरएस मिळालेली मुले २००५-०६ मध्ये २६ टक्के होती, २०१५-१६ मध्ये सुमारे ५१ टक्के आणि २०१९-२१ मध्ये सुमारे ६१ टक्के. प्रगती आहे, नाही असे नाही. पण दहांतील चार मुलांना आजही ते पाणी मिळत नाही, ही गोष्ट औषध महाग असण्याची किंवा नवे असण्याची खचितच नव्हे.

मग कशाची? २०२४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने हेच शोधले, आणि तो कर्नाटक व बिहारमधील २५३ शहरांत झाला असल्यामुळे आपण तो कान देऊन वाचायला हवा. दोन वर्षांच्या मुलाला जुलाब होत आहेत असे सांगणारी, आधी शिकवून तयार केलेली माणसे दोन हजारांहून अधिक खासगी उपचारकर्त्यांकडे पाठवण्यात आली. काहींनी ओआरएसची इच्छा बोलून दाखवली, काहींनी काहीच सांगितले नाही. इच्छा बोलून दाखवली की ओआरएस लिहून देण्याचे प्रमाण २८ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर गेले. दुकानात ओआरएस नसणे आणि औषधविक्रीतील फायदा या दोन कारणांचा वाटा अनुक्रमे ६ आणि ५ टक्के भरला. सर्वांत मोठा वाटा, ४२ टक्के, ‘रुग्णाला ओआरएस नकोच असते’ या उपचार करणाऱ्याच्या समजुतीचा होता. रोग आईच्या अज्ञानात नव्हता, आपल्या गृहीतकात होता.

हा निबंध वाचल्यावर मी माझ्याच दवाखान्यातील एका पावसाळ्याचे केसपेपर काढून बसलो. ओआरएस आणि झिंक दोन्ही लिहिले आहेत, किती पाजायचे तेही लिहिले आहे, अशा चिठ्ठ्या निम्म्याही निघाल्या नाहीत. ज्या घरातले लोक मोटारीतून उतरले होते त्यांच्या चिठ्ठ्यांवर तर प्रोबायोटिक, ओकारीचे औषध आणि एखादे प्रतिजैविक असा सरंजाम होता आणि ओआरएस राहून गेले होते. एवढे शिकलेले लोक साध्या पाण्यावर समाधानी होणार नाहीत, असे मी मनात धरून चाललो होतो. दुसरीकडे, सौंदत्तीकडून आलेल्या कन्नड मातेला मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये ‘नीर कोडी’ म्हणून वाटेला लावले होते, आणि खानापूरकडच्या मराठी मातेच्या हाती कन्नडमध्ये छापलेले पत्रक दिले होते. समतेवर व्याख्याने देणाऱ्या माणसाची ही वही आहे! औषधाच्या दुकानात ओआरएस या नावाखाली गोड पेये विकली जातात यावर मी तावातावाने बोलत असे. ती तक्रार रास्तच होती, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांना ते नाव वापरण्यास मनाईही केली. पण दुकानदाराच्या फळीआधी माझी लेखणी होती.

संशोधनाचे अग्रक्रम ठरवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत आता उपलब्ध आहे. इगोर रुदान आणि सहकाऱ्यांनी बालआरोग्यासाठी विकसित केलेल्या पद्धतीत प्रत्येक प्रस्तावित प्रश्नाला पाच कसोट्यांवर गुण देतात: त्याचे उत्तर मिळू शकेल का, त्यातून निघणारा उपाय परिणामकारक ठरेल का, तो लोकांपर्यंत पोहोचवता येईल का, आजाराचा भार किती हलका होईल, आणि त्याने विषमता घटेल का. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने माता, नवजात, बालक आणि पोषण या क्षेत्रांसाठी याच पद्धतीने देशातील २५६ संस्थांमधील तज्ज्ञांकडून चार हजारांहून अधिक संशोधन-कल्पना गोळा केल्या. तो वृत्तांत २०१७ साली प्रसिद्ध झाला. काम मोठे आणि स्तुत्य. मला खटकते ते एवढेच की गुण देणारे बव्हंशी आपल्यासारखे असतात. इंग्लंडमध्ये २००४ पासून जेम्स लिंड यांच्या नावाने चाललेल्या उपक्रमात रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर एकाच टेबलाभोवती बसून प्रश्नांचा क्रम लावतात. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीविषयीचे प्रश्नही असे ठरले आहेत. त्या टेबलाशी आमच्या आजीला खुर्ची असती तर तिने सांगितलेला प्रश्न यादीत कितव्या क्रमांकावर आला असता, याचा विचार करण्यासारखा आहे.

पाचवी कसोटी, विषमतेची, कागदावर ठेवून भागत नाही. ब्राझीलमधील डॉ. सेझार व्हिक्टोरा यांनी २००० साली दाखवून दिले की नवा आरोग्य-उपाय आला की तो आधी सुस्थितांपर्यंत जातो, त्यामुळे सुरुवातीला दरी रुंदावते. तळच्यांना त्याचा लाभ होतो तो वरच्यांची गरज भागल्यावर. त्याच्याही आधी, १९७१ मध्ये, वेल्समधील खाणकामगारांच्या गावी दवाखाना चालवणारे डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी लिहून ठेवले होते की जेथे वैद्यकीय सेवेची गरज सर्वाधिक तेथे ती सर्वांत कमी मिळते. बेळगाव शहराच्या दोन-चार चौकांत नवजात अतिदक्षता कक्ष किती आहेत आणि भीमगडच्या रानातील गावांतून पावसाळ्यात रुग्णाला आजही खांद्यावरून आणावे लागते, हे ठाऊक असलेल्या वाचकांना यासाठी वेल्सला जाण्याची गरज नाही. पाच वर्षांखालील बालमृत्यूचा राष्ट्रीय आकडा २०१९-२१ च्या पाहणीत हजारी सुमारे ४२ होता. सर्वांत गरीब आणि सर्वांत श्रीमंत पंचमांश कुटुंबांत मात्र जवळजवळ तिपटीचे अंतर होते. सरासरी खाली आली की आपण टाळ्या वाजवतो. सरासरीच्या पोटात कोण राहिले, हे वेगळे मोजावे लागते.

म्हणून आपल्या संघटनेपुढे मी एक अगदी लहान प्रस्ताव ठेवला आहे. बाहेरगावाहून आलेल्या प्रत्येक नवजात बाळाचे तापमान, आल्याबरोबर, कमी आकडे दाखवणाऱ्या तापमापकाने घ्यावे आणि नोंदवावे. सोबत तीनच गोष्टी: गाव, लागलेला वेळ, आणि बाळ कशात किंवा कोणाच्या अंगाशी धरून आणले. आपल्यातले जे प्राध्यापक आहेत त्यांनी पुढील वर्षी एका तरी पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंधासाठी हा विषय द्यावा. विद्यार्थी कुरकुरेल. यात रसायने नाहीत, यंत्र नाही, परदेशी परिषदेत वाचण्याजोगा मथळाही नाही. मार्गदर्शकाने थोडे खंबीर राहावे.

माझी वही मी गेल्या पावसाळ्यात सुरू केली. तिच्यातील दुसऱ्या पानावरचे बाळ खानापूर तालुक्यातलेच आहे. त्याला बापाने सदऱ्याच्या आत, उघड्या छातीशी धरून, वरून रेनकोट घालून आणले होते. आशाताईने तसे बांधून दिले होते. तापमान ३६.१ भरले; थोडे कमीच, पण बाळ घरी गेले. आशाताई सोबत होती. तिला मी शाबासकी दिली तेव्हा तिने मला दोन प्रश्न विचारले. घरात बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असते. बाळ छातीशी बांधल्यावर शेगडीचा धूर आणि ऊब यांचे काय करायचे? आणि भातलावणी सुरू झाली की सहाव्या-सातव्या दिवशी बाई चिखलात उतरते, तेव्हा दिवसभर बाळ कोणी बांधायचे, सासूने बांधले तर चालते का? दुसऱ्याचे उत्तर मी दिले: चालते, बापानेही चालते, ते तर तिने स्वतःच करून दाखवले होते. पहिला प्रश्न मी तिच्याच शब्दांत वहीत उतरवून घेतला आहे. ज्यांच्याकडे उत्तर असेल त्यांनी कळवावे. नसेल तर निदान प्रबंधाला विषय मिळाला. तापमापकांची मागणी कार्यालयात नोंदवली की मिळतील. किंमत एका चहा-फराळाच्या बैठकीपेक्षा कमी आहे.